बैलाची शेवटची किंमत

पशुगणनेचे आकडे आले की आपल्याकडे दोन तऱ्हेची वाक्ये ऐकू येतात. गोवंश घटला म्हणून एक जण कत्तलखान्याकडे बोट दाखवतो, दुसरा ट्रॅक्टरकडे. आकडा किंचित वाढलेला असला तर पहिला म्हणतो, कायद्याने गोवंश वाचला. मांसाच्या बाजारावर लिहिणारेही याच वाटेने जातात: जनावरे कमी झाली म्हणजे मांस कमी, जनावरे वाढली म्हणजे मांस भरपूर. या सगळ्यांचा समज एकच, की मुंडकी मोजली की विषय कळला.

हा समज उथळ आहे. जनावरे किती राहणार हे कत्तलखान्यात ठरत नाही, गोठ्यात ठरते. आणि गोठ्यात ते ठरते जनावराच्या शेवटच्या किमतीवर. काम संपलेल्या बैलाला किंवा दूध आटलेल्या गाईला जे मोल येते, ते पुसून टाकले तर जनावर वाचत नाही. आधी ते पाळणे बंद होते, मग ते जन्मालाच येऊ दिले जात नाही. वैनगंगेकाठच्या पवनीसारख्या धानपट्ट्यातल्या तालुक्यात हे डोळ्यांसमोर घडले आहे. पण त्याची सुरुवात पार दुसऱ्या टोकाहून, जिथे गोमांसाचा कारखानाच आहे तिथून केलेली बरी.

१. अमेरिकेत कळप आटला, आवारे भरलेलीच

अमेरिकेत १९७५ साली गाई-बैलांची संख्या १३ कोटी २० लाखांच्या घरात होती. १ जानेवारी २०२५ ला ती ८ कोटी ६७ लाखांवर आली, म्हणजे १९५१ नंतरची सर्वांत कमी. मुंडकी मोजणाऱ्याने यावरून मांसाचा दुष्काळ जाहीर केला असता. प्रत्यक्षात अलीकडच्या वर्षांत तिथे १९७५ पेक्षा जास्त गोमांस तयार होते आहे. एकेक जनावर आता कितीतरी वजनदार होऊन कापले जाते आणि लवकर तयार होते.

तिथली पद्धत अशी. वासरू कुरणावर आईबरोबर वाढते, मग त्याला फीडलॉटमध्ये आणतात. फीडलॉट म्हणजे उघड्यावरचे कुंपण घातलेले मोठे आवार, एका आवारात हजारो जनावरे, समोर लांबच लांब गव्हाण आणि तिच्यात मुख्यतः मक्याचा दाणा. पाच-सहा महिने असे चारून, दीड-दोन वर्षांच्या आतबाहेर ते कापायला जाते. हजाराहून जास्त जनावरांची सोय असलेल्या आवारांत जानेवारी २०२५ मध्ये सुमारे १ कोटी १८ लाख जनावरे होती. देशातला कळप सत्तर-पंच्याहत्तर वर्षांच्या तळाला, आणि आवारे मात्र जवळजवळ नेहमीसारखी भरलेली.

हे कसे? कालवडींमुळे. दुष्काळाने कुरणे वाळली, चारा महागला, तेव्हा पशुपालकांनी उद्याच्या गाई होणाऱ्या कालवडीही आवारांत धाडल्या. आवारातला आकडा त्यामुळे टिकून राहिला, पण तो टिकला उद्याच्या वासरांच्या जिवावर. आजचा भरलेला पुरवठा हीच उद्याच्या टंचाईची खूण होती, आणि एकूण बेरजेत ती दिसत नव्हती. आता तिथे गोमांस विक्रमी महाग झाले आहे. त्यात मेक्सिकोतून येणारी वासरे मांसात अळ्या घालणाऱ्या माशीच्या भीतीने अडवली गेली. कालवड ठेवून गाय करायची तर आज विकायला एक जनावर कमी पडते, म्हणून भाव चढले तरी कळप लगेच वाढत नाही.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, साठा वेगळा आणि वाहता पुरवठा वेगळा. दुसरी, कोणते जनावर कोणत्या वयाला कोणत्या दारातून बाहेर पडते ते पाहिल्याशिवाय बेरीज काहीच बोलत नाही.

२. आपल्या बेरजेत काय दडले

२०१२ च्या पशुगणनेत देशात १९ कोटी ९ लाख गोवंश होता, २०१९ मध्ये १९ कोटी २५ लाख. वाढ पाऊण टक्क्याच्या आसपास. एवढे वाचून वर्तमानपत्राचे पान उलटणाऱ्याला वाटेल, सात वर्षांत काही घडलेच नाही.

आता तीच बेरीज फोडू. गाई-कालवडी १२ कोटी ३० लाखांवरून १४ कोटी ५१ लाखांवर गेल्या, वाढ १८ टक्के. बैल, वळू, गोऱ्हे मिळून नर ६ कोटी ७९ लाखांवरून ४ कोटी ७४ लाखांवर आले. घट ३० टक्के. सात वर्षांत दर दहा नरांमागे तीन नाहीसे झाले, आणि एकूण आकड्याला त्याचा पत्ताही लागला नाही. संकरित आणि विदेशी जनावरे वाढली, देशी आणि गावठी सहा टक्क्यांनी घटली. महाराष्ट्रात तर एकूण संख्याच १ कोटी ५५ लाखांवरून १ कोटी ३९ लाखांवर, म्हणजे दहा टक्क्यांनी खाली आली. त्याच काळात राज्यातल्या म्हशी ५६ लाखांच्या घरात होत्या तेवढ्याच राहिल्या, आणि शेळ्या २५ टक्क्यांहून जास्त वाढल्या.

शेळी वाढली यात कोणाला नवल वाटले नाही, पण वाटायला हवे होते. राज्यात सर्रास कापले जाणारे जनावर वाढते आणि ज्याला कापणे गुन्हा आहे ते घटते, ही गोष्ट ‘कापल्याने जनावरे संपतात’ या समजुतीच्या मुळावरच येते.

३. बांधीतला हिशेब

पवनी तालुका धानाचा. अड्याळ, कोंढा, आसगाव, भुयार, कुठेही जा, बांध्या आणि त्यांच्या धुऱ्या. धानाच्या शेतीत बैलाला पूर्वी वर्षभरात चार कामे असत: नांगरट-वखरणी, रोवण्याआधीची चिखलणी, कापणीनंतर खळ्यावर चुरणे, आणि बंडीने धान घरी, मग बाजारात नेणे. चिखलणी हे त्यातले मुख्य. पऱ्हे तयार झालेले असतात, पाऊस पडून गेलेला असतो, आणि बांधीत पाणी आहे तोवर चिखल करून रोवणा उरकायचा असतो. साऱ्या गावाला जोडी एकाच आठवड्यात हवी असते. म्हणून ज्याच्या दारी जोडी त्याचा रोवणा वेळेवर. गडचिरोली-चंद्रपूर-गोंदियाकडची लहान चणीची, चिखलात न रुतणारी कठाणी जात याच कामातून घडली. काही वर्षांपूर्वी तिला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणीही मिळाली. ज्यांना बैल परवडत नसे ते हल्या, म्हणजे रेडा, जुंपत.

यातली तीन कामे गेली. चुरणे मळणीयंत्राने नेले, बंडी ट्रॉलीने नेली, नांगरट ट्रॅक्टरने. उरली चिखलणी. तिथेही आता लोखंडी चाके लावलेला ट्रॅक्टर बांधीत उतरतो आणि जोडीचे दिवसाचे काम तासाभरात संपवतो. चाऱ्याची तऱ्हाही बदलली. गोसेखुर्दच्या धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ ला बसली. पुढे त्याचे पाणी जिथे पोचले तिथे उन्हाळी धान आले. पूर्वी कापणी झाली की शिवार मोकळे होई आणि गावाची ढोरे ढोरक्यामागे चैत्र-वैशाखभर फुकट चरत. उन्हाळ्यात शेत हिरवे असले की ढोर आत गेले म्हणजे भांडण. हार्वेस्टरने कापलेल्या धानाची तनीसही शेतातच विखरून राहते, पूर्वीसारखी पेंढ्या बांधून माचावर चढत नाही. एका बाजूला धरणाचे बुडीत क्षेत्र, दुसऱ्या बाजूला उमरेड-पवनी-करांडला अभयारण्य. चराईची जागा दोन्हीकडून आखडली. पाणी आले म्हणजे ढोरांना बरे दिवस आले, असे शहरात बसून वाटते. धानपट्ट्यात ते उलटे झाले.

इथवर ट्रॅक्टरवाल्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण जोडी ठेवायची की मोडायची हा निर्णय केवळ कामाच्या दिवसांवर होत नाही. जुन्या माणसांची रीत आठवा. बाजारात गोऱ्हा घेताना तोंड उघडून दात पाहायचे: दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला. दोनदाती घ्यायचा, वळण लावायचे, सहा-सात वर्षे राबवायचा, आणि अंगात थोडी ताकद असताना हेड्याला, म्हणजे जनावरांच्या व्यापाऱ्याला, देऊन वर काही रक्कम घालून नवा घ्यायचा. रुमालाखाली बोटे धरून ठरलेला तो भाव म्हणजे शेतकऱ्याची ठेव होती. बैल झिजत होता, पण पूर्ण बुडत नव्हता.

धरून चला, जोडी ९० हजारांना घेतली आणि सात वर्षे राबवली. शेवटी ४० हजार आले तर वर्षाची झीज सात हजारांच्या थोडी वर. शेवटी दहाच हजार आले तर तीच झीज साडेअकरा हजारांच्या आसपास. आणि काहीच आले नाही, उलट म्हाताऱ्या जोडीला आणखी चार-पाच वर्षे तनीस-पाणी करावे लागले, तर तीन एकरांच्या माणसाला भाड्याचा ट्रॅक्टर डोळे मिटून स्वस्त. घेताना बैल तेवढ्याच पैशांचा होता, कामही तेवढेच करत होता. त्याची शेवटची किंमत बदलली, एवढेच. ट्रॅक्टरला मात्र जुना झाल्यावर गिऱ्हाईक असते, बँक त्यावर कर्ज देते, आणि म्हातारा झाला म्हणून त्याला रोज दोन पेंढ्या टाकाव्या लागत नाहीत.

४. कायद्याने नेमके काय केले

महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर बंदी १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्यापासून आहे. बैल आणि वळू त्या बंदीतून वगळलेले होते. शेतकामाला, ओढकामाला, पैदाशीला ते निकामी आहेत असा दाखला मिळाला की कापता येत. १९९५ साली विधिमंडळाने दुरुस्ती करून बैल-वळूंनाही बंदीत आणले. ती वीस वर्षे दिल्लीत पडून राहिली आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर मार्च २०१५ मध्ये लागू झाली. कापणे, कापण्यासाठी विकणे-घेणे, त्यासाठी राज्याबाहेर नेणे, सगळेच गुन्हे झाले आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत. ६ मे २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने राज्याबाहेर कायदेशीर कापलेले मांस जवळ बाळगण्यावरची बंदी रद्द केली. राज्यातली कत्तलबंदी कायम राहिली.

कायद्याने जुन्या बैलाचा भाव एका रात्रीत शून्य केला, असे म्हणणे मात्र ढोबळ होईल. भाव शून्य होत नाही, त्याला जोखीम चिकटते. गाडी अडवली जाईल, जनावरे जप्त होतील, मारहाण होईल, वकील करावा लागेल. हा सगळा खर्च मधला माणूस आपल्या खिशातून भरत नाही. तो गोठ्यात उभा राहून भाव पाडतो, आणि शेतकऱ्यापाशी दुसरे गिऱ्हाईक नसते. बंदीने व्यापार थांबला की नाही यावर वाद घालता येईल. बंदीची किंमत कोणी भरली यावर वादाला जागा नाही. २०२५ च्या पावसाळ्यात राज्यातल्या कुरेशी समाजाने जनावरांची खरेदीच बंद ठेवली, तेव्हा अनेक आठवडी बाजारांत म्हशींनाही घेणारा उरला नाही आणि शेतकरी संघटनाच चिंतेत पडल्या. ज्याला लोक खाटीक म्हणून नावे ठेवतात तो गावच्या पशुधनाचा शेवटचा गिऱ्हाईक होता, हे तेव्हा पुष्कळांच्या ध्यानात आले.

दुसरी बाजू सरकारी खर्चाची. नर वासरू नको, हे सरकारनेही ओळखले आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय गोकुळ मिशनमध्ये लिंगनिश्चित वीर्यमात्रांना अनुदान आहे. या मात्रांनी दहापैकी नऊ वेळा कालवडच होते. योजना म्हणून ती चांगली, मी तिच्या विरोधात नाही. पण दोन्ही धोरणे शेजारी ठेवून पाहा: मोठा झालेला बैल मारू नये म्हणून कायदा, आणि बैल जन्मूच नये म्हणून अनुदान. एकाच खात्याच्या दोन टेबलांवर हे चालले आहे आणि दोन्हीकडे गोवंश संवर्धनाचीच पाटी आहे.

५. म्हैस काय सांगते

गोवंशाबद्दलच्या कोणत्याही दाव्याची परीक्षा घ्यायला आपल्याकडे उत्तम साक्षीदार आहे. म्हैस त्याच गोठ्यात, त्याच चाऱ्यावर, त्याच माणसाच्या हाताखाली असते. फरक एवढाच की तिला बाहेरचे दार उघडे आहे.

२०१२ ते २०१९ या काळात देशातल्या म्हशी-रेडे मिळून १० कोटी ८७ लाखांचे १० कोटी ९८ लाख झाले. माद्या ९ कोटी २६ लाखांवरून १० कोटी ६ लाख. नर मात्र १ कोटी ६१ लाखांवरून ९३ लाखांच्या आसपास, म्हणजे बैलांपेक्षाही जोरात घसरले. इथे कायद्याच्या विरोधकांनीही सावध व्हावे. हल्याला तर कायदेशीर गिऱ्हाईक होते, मग तो का घटला? कारण तो मोजणीच्या दिवशी गोठ्यात नसतो. तो लवकर विकला जातो. नरांची संख्या घटूनही भारत वर्षाला बारा-तेरा लाख टन म्हशीचे मांस व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्तपर्यंत पाठवतो. अमेरिकेसारखाच प्रकार: उभा साठा कमी, वाहता पुरवठा मोठा. म्हातारी म्हैस आणि रेडकू यांच्या त्या पैशातून पुढची म्हैस येते, म्हणून माद्यांचा आकडा टिकतो.

म्हणजे नरांची घट दोघांकडे सारखी दिसली तरी तिचा अर्थ सारखा नाही. हल्या विकला जाऊन घटला, बैल न विकला जाऊन. पहिल्याचा पैसा गोठ्यात परत आला, दुसऱ्याचा नाही.

आपल्याकडे फीडलॉट नाहीत आणि केवळ मांसासाठी कोणी गाय-म्हैस पाळत नाही, हे इथे लक्षात घ्यावे. ‘मोठ्याचे’ म्हणून जे विकले जाते ते दुधाच्या आणि शेतीच्या धंद्यातले उरलेसुरले असते. तेव्हा भारतात मोठ्या मांसाचा पुरवठा किती, या प्रश्नाचे उत्तर दूध किती आणि शेतीतले जनावर किती यावर आहे. ओढीचा बैल संपला तसा मांसाचा सगळा भार दुधाच्या म्हशीवर आला. गरिबाच्या ताटातून स्वस्त मांस गेले आणि त्याची जागा ब्रॉयलरने घेतली.

६. ‘हे सगळे ट्रॅक्टरने केले’

सर्वांत वजनदार आक्षेप हा. नरांची घसरण २०१५ च्या पुष्कळ आधी सुरू झाली होती. शिवाय २०१२ ते २०१९ या सात वर्षांतली जेमतेम चारच वर्षे नव्या कायद्याची. राज्यातली दहा टक्क्यांची घट सगळी कायद्याच्या माथी मारणे लबाडी ठरेल, आणि मी ती मारत नाही. इतर राज्यांशी तुलनाही पूर्ण सरळ येत नाही. बैलाच्या कत्तलीला दाखल्यानिशी वाट असलेल्या पश्चिम बंगालमध्ये गोवंश १५ टक्के आणि बिहारमध्ये २५ टक्के वाढला. कडक बंदीच्या उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, गुजरातमध्ये घटला. पण तितकीच बंदी असलेल्या राजस्थानात चार टक्के वाढला. कुरणे आणि दुधाचा धंदा तिथे वेगळा आहे.

तरीही ट्रॅक्टर हे पुरे उत्तर नाही, आणि ते अमेरिकेकडेच पाहून कळते. तिथे शंभर वर्षांपूर्वी ट्रॅक्टरने ओढीच्या जनावरांना शेताबाहेर काढले. १९१५ च्या सुमारास तिथे अडीच कोटींहून जास्त घोडे-खेचरे होती, १९६० पर्यंत ती तीस लाखांवर आली. घोड्याला दुसरे काम नव्हते. त्याच शेतावरच्या गोऱ्ह्याला होते. तो फीडलॉटमध्ये गेला, आणि नर वासराचे मोल टिकले. यंत्र पहिले काम काढून घेते. जनावर नाहीसे होते ते दुसरे कामही नसेल तेव्हा. पवनीतला बैल आज अमेरिकेतल्या घोड्याच्या जागी उभा आहे. पहिले काम ट्रॅक्टरने नेले, दुसरे आपण कायद्याने बंद केले.

मग इथे फीडलॉट काढायचे का? मुळीच नाही. वजनात एक किलोची भर घालायला सहा-सात किलो दाणा, औषधांचा मारा, शेणाचे डोंगर आणि पाण्याची नासाडी अशी ती पद्धत आहे. तनिशीवर जगून आधी काम आणि दूध देणारे, शेवटी मांस-चामडे देणारे आपले जनावर त्याहून कितीतरी काटकसरीचे. पण त्या काटकसरीत ‘शेवटी’ हा भागही होता. तो काढून टाकून उरलेले तेवढे चालू राहील, ही अपेक्षा चुकली.

शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतींचा, दाखलाही कोणी देतो. सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ ला शर्यतींच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केले, बैलांना लाखोंचे भाव आले, मग बैल संपला कसा? पण पटाचा बैल खेळाडू आहे. गावागणिक दोन-चार जोड्या बदाम खाऊन पळतात म्हणून गावचे बाकीचे गोठे भरत नाहीत.

७. शेणाचा हिशेब आणि गोशाळेचा

बैल कधीच निरुपयोगी नसतो, तो शेण देतो, गोमूत्र देतो, हा युक्तिवाद थेट सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला आहे. २६ ऑक्टोबर २००५ ला सात न्यायाधीशांच्या पीठाने गुजरातचा कायदा उचलून धरला आणि १९५८ चा आपलाच निकाल बाजूला सारला. म्हाताऱ्या बैलाच्या शेणखताला त्या निकालात मोठे स्थान आहे. शेणाचे मोल कोण नाकारेल? धानाच्या बांधीला शेणखत पडले की फरक दिसतो. पण केवळ शेणासाठी म्हातारा बैल पोसणे परवडत असते, तर शेणासाठी म्हातारे बैल विकत घेणारा एखादा तरी शेतकरी बाजारात दिसला असता. तसा तो दिसत नाही. तरणी गायही शेण देते आणि वर दूधही देते, तेव्हा तनीस कोणाला घालायची हे शेतकऱ्याला कळते.

हा वाद जुना आहे आणि एका मराठी माणसाने तो फार नेटाने लढवला आहे. १९६६ मध्ये मार्विन हॅरिस या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने मांडले की भारतातली गाय वाटते तेवढी फालतू नाही, तिच्या पावित्र्यामागे व्यवहार आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर यांनी त्याआधी १९६४ मध्येच संख्येचा प्रश्न उघडा केला होता आणि १९६९ मध्ये शेणाच्या हिशेबांवर टोकदार लेख लिहिला. निवड आणि छाटणी केल्याशिवाय कळप सुधारत नाही, सगळ्यांना अर्धपोटी ठेवणे म्हणजे भूतदया नव्हे, हा त्यांचा रोख. गंमत अशी की हॅरिस यांचा पुढचा अभ्यासही दांडेकरांच्याच मदतीला येतो. केरळमध्ये त्यांना नर वासरांचे मरण्याचे प्रमाण मादी वासरांच्या जवळपास दुप्पट आढळले. कोणी सुरी चालवत नव्हते. वासराला आईच्या सडाला थोडाच वेळ लावायचे, बाकी काही करायचे नाही. आखूड दोरीने काम भागत होते. छाटणी होतेच, दाखल्यानिशी कत्तलखान्यात होते किंवा उपाशी ठेवून गोठ्यात होते.

आता गोशाळा. ३० सप्टेंबर २०२४ ला राज्य सरकारने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ जाहीर केले आणि गोशाळांतल्या देशी गाईंसाठी रोज ५० रुपये अनुदान मंजूर केले. हिशेब सोपा आहे. एका गाईला वर्षाला १८,२५० रुपये, एक लाख जनावरांना १८२ कोटी ५० लाख. राज्यातला गोवंश १ कोटी ३९ लाख. दरवर्षी त्यातला लहानसा हिस्सा जरी भाकड-म्हातारा झाला आणि आठ-दहा वर्षे जगला तरी किती लाख जनावरे साचतील, ते ज्याचे त्याने मांडावे. आणि ही मदत गाईची. पवनीच्या शेतकऱ्यापुढचा प्रश्न बैलाचा आणि गोऱ्ह्याचा.

८. श्रद्धेचे काय

शेवटचा आक्षेप असा, की हा प्रश्न हिशेबाचा नाही, श्रद्धेचा आहे. श्रद्धेचा मान ठेवलाच पाहिजे. पोळ्याला ज्याच्या शिंगांना बेगड लावली, त्याला हेड्याच्या हाती न देता शेवटपर्यंत पोसून आपल्याच वावरात पुरणारे शेतकरी या तालुक्यात कायद्याआधीही होते, आजही आहेत. त्यांनी श्रद्धेची किंमत स्वतःच्या तनिशीतून मोजली. कायदा वेगळे करतो. श्रद्धा एकाची आणि बिल दुसऱ्याला. हे बिल ज्यांच्याकडे गेले त्यांत अडचणीच्या वर्षी बैल विकून मुलीचे लग्न किंवा दवाखाना भागवणारा अल्पभूधारक आहे, कुरेशी आहे, चामड्याचे काम करणारा आहे, आणि मटणाचा भाव न परवडणारा मजूर आहे. संविधानाच्या अनुच्छेद ४८ मध्ये गोवंशहत्या रोखण्याचा उल्लेख आहेच, पण तो सुरू होतो शेती आणि पशुपालन आधुनिक व शास्त्रीय रीतीने संघटित करण्यापासून. त्या अर्ध्या वाक्याचा कोणी पाठपुरावा केल्याचे दिसत नाही.

९. मग मोजायचे काय

एकविसावी पशुगणना २५ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाली. तिच्या पहिल्या ओळीतल्या एकूण संख्येवरून पुन्हा तीच भांडणे होतील. त्याऐवजी आतल्या तक्त्यात दोन रकाने शोधावेत: दोन वर्षांखालचे देशी नर आणि दोन वर्षांखालच्या देशी माद्या. या वयात दोघांची संख्या निसर्गतः जवळपास सारखी हवी. लिंगनिश्चित वीर्यमात्रा मुख्यतः दुधाच्या जनावरांना दिल्या जातात, गावठी गाईपर्यंत त्या फारशा पोचत नाहीत. तेव्हा गावठी जनावरांत नर आणि माद्यांच्या रकान्यांत जी तफावत दिसेल, ती कोणत्याही कत्तलखान्याच्या नोंदवहीत सापडणार नाही.

धोरण म्हणून करायचे ते फार नवे नाही. १९७६ च्या कायद्यातली दाखल्याची वाट बैलांसाठी पुन्हा उघडायची, दाखला देणारा पशुवैद्य आणि त्याची तारीख बाजार समितीच्या आवारातच ठेवायची, आणि दाखला असलेल्या जनावराची गाडी पोलिसांखेरीज कोणी अडवली तर तो गुन्हा म्हणून नोंदवायचा. राजकीयदृष्ट्या हे आज कोणत्याही पक्षाला परवडणार नाही. सत्तेवर कोणीही असो; २०१९ ते २०२२ या काळातल्या सत्तेनेही या कलमाला हात लावला नाही. पवनीच्या तीन एकरवाल्याने मात्र कोणाची वाट पाहिलेली नाही. त्याने गोठ्यात म्हैस बांधली, चार शेळ्या घेतल्या, आणि चिखलणीला तासावर ट्रॅक्टर सांगितला.